फडक्यामागचा वकील

त्या दुपारी आम्ही दोघांनी टीव्हीसमोर बसून एका वकिलाची सनद काढून घेतली. दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम ते. मोठं काही नाही, रोजचंच.

आदल्या संध्याकाळी आमच्या कोपरीत लाईट गेलेली, म्हणून कोर्टाच्या सीरियलचा भाग चुकला. तोच भाग दुसऱ्या दिवशी दुपारी परत दाखवतात. ही जेवली, भांडी तशीच मोरीत टाकली आणि खुर्चीत येऊन बसली. खरकटी भांडी टाकून बसणारी बाई नव्हे ही. पण कोर्टापुढे भांडी काय! सीरियलमधला तो वकील, केस चोपडलेले, दात चकचकीत, साक्षीदार बाईच्या घरी पेढ्यांचा बॉक्स घेऊन गेला आणि बोलला, "ताई, उद्या कोर्टात काय सांगायचं ते मी शिकवतो."

झालं! ही उठली, ओट्यावरचा फडका आणला आणि टीव्हीवर टाकला. बरोबर त्याच्या तोंडावर.

"गेली सनद मेल्याची!"

"अगं, आता पुढचं दिसणार कसं?"

"ऐका की. बघण्यासारखं काय आहे त्याच्यात? चोराचं तोंड?"

मग आम्ही फडक्याकडे बघत सीरियल ऐकत बसलो. फडक्याला हळदीचा डाग होता. त्या डागामागून वकील बोलत होता.

हिचं नाव मी लिहीत नाही. लग्नात उखाण्यात घेतलेलं, तेवढंच. ही म्हणजे ही. मी सातवीपर्यंत शिकलो, ही चौथीपर्यंत. मी वागळे इस्टेटला कारखान्यात मशीनवर होतो, हिने घर चालवलं, पापड लाटले, पोरगी शिकवली, लग्न करून कोपरला दिली. आणि पोरगी गेल्यावर, घर रिकामं झाल्यावर, हिने कोर्ट काढलं.

फडक्याचेपण नियम होते! वकील नुसता खोटं बोलला तर त्या दिवसापुरता फडका. साक्षीदाराला शिकवलं तर दोन भाग. आणि एकदा तो मेला रात्री न्यायाधीशाच्या घरी जाऊन पंगतीला बसला, श्रीखंड-पुरी खाल्ली. तेव्हा हिने फडका असा टाकला, असा टाकला, की आठवडाभर काढला नाही. मी क्रिकेटसुद्धा फडक्यामागून ऐकलं. एकदा हळूच कोपरा उचलून बघायला गेलो, तर स्वयंपाकघरातून आवाज, "हात खाली!" ह्या बाईला भिंतीतून दिसायचं.

"अगं, ते नाटक आहे. लिहून दिलेलं बोलतात ते."

"मग लिहिणाऱ्याची काढा सनद."

हिचं म्हणणं साधं होतं. काळा कोट म्हणजे सोवळं. सोवळं नेसून कोणी खोटं बोलतं का? हा एक कायदा, बाकी सगळे कायदे त्यातून निघालेले. टीव्हीवर ऐन निकालाच्या वेळी दार ढकलून साक्षीदार येतो, त्याचा तर हिला भयंकर राग. "थांबा, म्हणे! हा साला आजपर्यंत कुठे होता? ह्याला रिक्षा मिळाली बरी!" आणि वकील पुरावा खिशात ठेवून देतो, शेवटच्या दिवशी काढतो. "अरे, पहिल्याच दिवशी काढला असता तर त्या बिचाऱ्या पोरीने पन्नास भाग जेलमध्ये काढले असते का?" मी हसायचो. पण खरं सांगतो, बरोबर होतं बाईचं!

आमच्या वरच्या मजल्यावर नाना राहतात. बँकेतून रिटायर झालेले, एकटेच, आवाज चढवून टीव्ही बघणारे. तीच सीरियल. पण त्यांचा केबलचा डबा वेगळ्या कंपनीचा, त्यामुळे त्यांचा टीव्ही आमच्यापेक्षा अर्धा शब्द पुढे. आमचा न्यायाधीश तोंड उघडायच्या आत वरून ऐकू यायचं, "निर्दोष!" ही छताकडे बघून दात-ओठ खायची. "नानांनी निकाल फोडला!" सीरियल संपली की जिन्यात गाठून त्यांना झापायची. नाना घाबरून आवाज कमी करायचे. एक दिवस. दुसऱ्या दिवशी परत तेच.

आणि जाहिराती लागल्या की ही गॅलरीत. कपडे काढायचे, खाली कोण आलं कोण गेलं बघायचं. माझं काम आत बसून राहायचं आणि जाहिराती संपल्या की ओरडायचं, "सुरू झालं गं!" ती "आले आले!" करत धावत यायची. नोकरी सुटल्यावर मला मिळालेली ही दुसरी नोकरी. सुट्टी नाही.

अशाच एका जाहिरातीत खाली ते सगळं झालं.

आमच्या कोपऱ्यावर एक म्हातारा दुधाची पिशवी घेऊन रस्ता ओलांडत होता. लाल बाईक आली, दोन पोरं बसलेली, म्हाताऱ्याला उडवलं आणि गेली. थांबलीच नाही. मागून आमच्याच तळमजल्यावरचा रिक्षावाला येत होता. त्याने करकचून ब्रेक मारला, उतरला, म्हाताऱ्याला उचलून रिक्षात घातलं. तेवढ्यात माणसं जमली. माणसांनी काय बघितलं? रस्त्यावर दूध, रिक्षात जखमी. धरला रिक्षावाल्याला. म्हाताऱ्याचा पाय मोडलेला, शुद्ध आली तेव्हा रिक्षातच होता, त्यामुळे तोपण तेच बोलला, रिक्षाने उडवलं. त्याला तरी काय दोष द्यायचा! दुकानाचा कॅमेरा बंद पडलेला. हवालदाराने खालून विचारलं, कोणी पाहिलं का? सगळी बिल्डिंग मुकी. ही एकटी गॅलरीतून ओरडली, "मी पाहिलंय! बाईक होती!" हवालदाराने वर बघितलं, मान हलवली आणि गेला.

अजून एकाने पाहिलेलं. त्याच वेळी हिच्या डोक्यावरच्या गॅलरीतून नाना ओरडलेले, "अरे, बाईकवाला पळाला!" हिने स्वतःच्या कानांनी ऐकलं. इथेपण अर्धा शब्द पुढे! ही वर गेली विचारायला. नाना बोलले, "वहिनी, माझ्या डोळ्यावर चष्मा नव्हता हो. आणि मला बीपी आहे." ही खाली आली, मला सगळं सांगितलं. मी बोललो, रिक्षावाल्याच्या वकिलाला नाव सांगून टाक, समन्स जाईल, येतील झक मारत.

"नाही. ओढून आणलेला साक्षीदार ऐनवेळी उलटतो. रोज बघता ना टीव्हीवर? स्वतःच्या पायानं आले तर येऊ देत."

रिक्षावाल्यावर केस उभी राहिली. हयगयीने गाडी चालवून माणसाला जखमी केल्याची. शिक्षा झाली तर लायसन जाणार, लायसन गेलं की घर बसणार. दोन पोरी कॉलेजात. त्याच्या बाजूने बोलणारी फक्त ही. आणि मग हिने काय करावं? त्याच्याच घरची वाटी बंद केली!

आमची वाट्यांची देवघेव जुनी. इकडून वडे गेले की तिकडून वाटीत काहीतरी यायचंच, वाटी रिकामी परत करायची नाही. हिला साक्षीचं समन्स आलं त्या दिवशी रिक्षावाल्याची बायको खिरीची वाटी घेऊन आली. हिने दारातच हात आडवा केला.

"निकाल लागला की आण. तोपर्यंत नको."

"काकी, माझं काही चुकलं का?"

"तुझं नाही गं. पण आरोपीच्या घरचं खाऊन मी साक्ष दिली तर माझ्यात आणि त्या पेढेवाल्यात फरक काय?"

बिचारी डोळे पुसत जिना उतरली. मी चिडलो. खीर मला आवडते! ही बोलली, "तुम्ही साक्षीदार असता तर तुम्हीपण खाल्ली नसती." मी बोललो, "मी साक्षीदार नाही, मला खाऊ दे." तर बोलली, "घर एक, तोंड एक."

पहिल्या तारखेला रिक्षावाला सकाळी रिक्षा पुसून दारात उभा. "बसा काकी, कोर्टात सोडतो." हिचं आपलं तयार. "फुकट बसले तर लाच. पैसे देऊन बसले तर ते दिले हे लोकांना कसं कळणार? तू हो पुढे." म्हणून आम्ही स्टेशनच्या पुलावरून चालत पलीकडे जायचो आणि तिकडून दुसरी रिक्षा करायचो. हिचे गुडघे दुखायचे, पुलावर दोनदा टेकायची. आरोपी रिकामी रिक्षा घेऊन आमच्या आधी कोर्टात! प्रत्येक तारखेला असंच. प्रत्येक!

आणि कोर्टात काय मजा झाली! ही ठेवणीतलं लुगडं नेसलेली, पिशवीत लाल कपड्यात बांधलेली घरची गीता. तिथली कोणाकोणाच्या हाताची असेल, म्हणून आपली आपण घेतलेली. आत गेल्यावर शिपायाला विचारते, "गीतेवर हात कुठे ठेवायचा?"

"आजी, इथे तोंडी शपथ असते."

"आणि हातोडा कुठाय साहेबांचा?"

"हातोडा नसतो."

"मग माणसं गप्प कशी बसतात?"

"साहेबांनी चष्मा काढला की बसतात."

मी तिथे हसायचं नाही म्हणून तोंडात रुमाल कोंबला. पंखा खडखड, फायलींचा ढीग, ढिगामागे साहेबांचं अर्धं डोकं. कोणी ओरडत नाही, कोणी बोट दाखवत नाही. एका बाईची पोटगीची केस चाललेली, तिचा वकील एवढा हळू बोलत होता की ही उठून उभी राहिली. "मोठ्यानं बोला हो, ऐकू येत नाही!"

साहेबांनी चष्मा काढला.

"आजी, तुम्ही कोण?"

"साक्षीदार."

"या केसमध्ये?"

"नाही. पुढच्या."

साहेब हसले की खोकले, मला कळलं नाही. त्या दिवशी हिची साक्ष झाली नाही. पुढच्या तारखेलापण नाही. कधी साहेब रजेवर, कधी समोरचा वकील आजारी. ही आधी वैतागली. "टीव्हीवर जाहिरात धरून अर्ध्या तासात निकाल लागतो!" मग हळूहळू तिला कोर्ट आवडायला लागलं. बोलली, "इथे कोणी नाचत नाही हो. सगळं लिहून घेतात. माणूस खोकला तरी थांबतात." एका साक्षीदाराचं चाललेलं असताना दुसऱ्याने आत बसून ऐकायचं नाही, हा नियम कळला तर केवढा आनंद! तो नियम ती बिल्डिंगमध्ये घेऊन आली. पाण्याच्या पंपावरून भांडण झालं, तर एकेकीला आत बोलवायची, बाकीच्यांना जिन्यात बसवायची. जिन्यातून कोणी कान लावला तर चष्मा काढून बघायची. हिला चष्मा वाचण्यापुरताच होता. त्यासाठी मुद्दाम घालायची!

रिक्षावाल्याचा वकील तरणा, कल्याणहून यायचा. पोरगा वाईट नाही, पण घाईतला. एकदा कँटीनमध्ये बोलला, "मावशी, बाईकचा नंबरपण पाहिला असं सांगा ना. निदान शेवटचे दोन आकडे. केस एकदम घट्ट होईल."

हिने चहाचा कप खाली ठेवला. "नंबर मी नाही पाहिला."

"थोडंसं हो."

"तुझी आई आहे का रे?"

"आहे."

"तिला फोन लाव. विचारते तिला, कोट कशाला घेऊन दिला ते."

अख्खं कँटीन बघायला लागलं. पोरगा कानापर्यंत लाल. परत कधी नंबराचं नाव काढलं नाही त्याने. बोलायचा, माझी मावशी साक्षीदार आहे की न्यायाधीश तेच कळत नाही.

आणि मग एका सकाळी रिक्षावाला सांगून गेला, आता नक्की. उद्या अकराला काकींचीच साक्ष. दुसरं काही काम लावलेलं नाही. हिने लुगडं इस्त्री करून आणलं. गीता पिशवीत भरली. "लागत नाही, पण असू दे."

त्याच दुपारी आम्ही फडक्याकडे बघत बसलेलो. जाहिराती लागल्या. ही एरवी गॅलरीत जाते. त्या दुपारी बसूनच राहिली. "आज तुम्ही चहा टाका," बोलली. मी गेलो, आधण ठेवलं, आलं किसलं. वरच्या मजल्यावर सुरू झालं, मग आमच्याकडे. मी आतून ओरडलो, "सुरू झालं गं!"

"आले आले" नाही.

मी परत ओरडलो. बाहेर आलो. ही खुर्चीत, मान जरा बाजूला, तोंड फडक्याकडे. डॉक्टर आले, पोरगी कोपरहून आली, जावई आला, संध्याकाळी सगळं आटोपलं. रडायचं काय ते मी माझं बघेन. इथे लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरात गॅस पेटवायचा नव्हता. दारात रिक्षावाल्याची बायको पिठलं-भाताचं ताट घेऊन उभी. उंबऱ्याच्या बाहेर. आत पाय टाकेना.

"काका, आणू का आत?"

मी काही बोलायच्या आत मागून रिक्षावाला आणि तो कल्याणचा वकील आले. वकील कोट घालूनच आलेला. खाली बसला, दोन शब्द बोलला, मनापासून बोलला. मग टीव्हीकडे बघितलं.

"हा फडका?"

"एकाची सनद काढलीय. राहू दे."

वकील जरा जवळ सरकला. मग हळूच, "काका, आज अकराला पुकारा होणार. मावशी नाहीत. बचावाला आता कोणीच नाही. तुम्ही त्या वेळी घरातच होता ना? फक्त दोन पावलं पुढे होता, गॅलरीत, एवढंच सांगायचं. बाकीचं तुम्हाला तोंडपाठ आहे."

तोंडपाठ होतंच! किती वेळा ऐकलंय मी. लाल बाईक, मागच्या पोराच्या पाठीवर बॅग, दुधाची पिशवी फुटली ती कशी पसरली. डोळे मिटले की मला दिसतं. पण ते हिच्या डोळ्यांनी पाहिलेलं. मी आत बसून साबणाची जाहिरात बघत होतो.

रिक्षावाला जमिनीकडे बघत उभा. त्याची बायको ताट घेऊन दारातच. मला वाटलं, काय जातंय? ही नाही. बोलून टाकू. माणूस वाचेल. खरंच वाटलं.

मग मी बोललो, "दे ते ताट."

ती आत आली. मी भिंतीला टेकून बसलो आणि खाल्लं. सगळं खाल्लं. पिठलं चांगलं झालेलं, मिरची जास्त. वकील घड्याळ बघत होता.

"काका, उशीर होतोय."

"झालं माझं. आरोपीच्या घरचं जेवलो. हिच्या कायद्यानं मी बाद. आता मला काही शिकवायचं नाही." मी हात धुतले. "तू खाली थांब. कोरा कागद आहे ना? अर्ज लिहायला घे. नाव मागून सांगतो."

आणि मी वर निघालो. पोरगी मागे धावली, "बाबा, सुतक आहे! कोणाच्या घरी जायचं नसतं!"

"घरात जात नाही. बाहेर उभा राहतो."

नानांनी दार उघडलं. आत टीव्ही चालू. मला बघून त्यांचं तोंड एवढंसं झालं.

"आत येत नाही नाना. ऐका फक्त. त्या संध्याकाळी तुम्ही गॅलरीतून ओरडलात, बाईकवाला पळाला म्हणून. हिने ऐकलं. आणि कोर्टात तुमचं नाव आजपर्यंत एकदाही घेतलं नाही. ओढायचं नाही, बोलली. मीपण ओढत नाही. आज अकराला तारीख आहे."

"अहो, माझं बीपी…"

"हिलापण होतं."

नाना दाराची कडी चाचपायला लागले.

"तिथे काही दार ढकलून शिरायचं नाही. हातोडा नाही, गीता नाही, कोणी ओरडत नाही. वकील अर्ज देईल, साहेब पुढची तारीख देतील. पाहिलं तेवढं सांगायचं. नाही पाहिलं ते सांगायचं नाही. बस. मी इथे बसतो."

आणि मी त्यांच्या दारासमोर जिन्याच्या पायरीवर बसलो, ही बाकीच्या बायकांना जिन्यात बसवायची तसा. नानांनी दार लोटलं. पूर्ण लावलं नाही. आतून बातम्यांचा आवाज येत होता. बराच वेळ येत होता. मग टीव्ही बंद झाला. कपाट उघडल्याचा आवाज आला. नाना बाहेर आले, अंगात इस्त्रीचा शर्ट, हातात चपला.

"चष्मा घेऊ ना?" त्यांनी विचारलं.

"घ्या, घ्या! तो लागतोच तिथे."

मी उठलो, त्यांचा हात धरला आणि जिन्यातून खाली वाकून ओरडलो, असा ओरडलो की अख्ख्या बिल्डिंगला ऐकू गेलं:

"अरे, तू रिक्षा घेऊन पुढे हो! आम्ही पुलावरून चालत येतो. साक्षीदार तुझ्या रिक्षात बसणार नाही!"